लिबएसएनडीफाइल स्टॅटिक जोडताना आलेल्या लिंकर एरर

लिबएसएनडीफाइल ही ऑडिओ फाइली वाचणारी-लिहिणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरणारा ऑडिओ एडिटर सोर्समधून बिल्ड करताना कंपाइल सुरळीत झालं, पण लिंकिंगला, म्हणजे कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवताना, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (वापरलेल्या नावाचा कोड सापडत नाही) या एररची रांग लागली. न सापडलेली सगळी नावं फ्लॅक आणि व्हॉर्बिस या ऑडिओ फॉरमॅटांच्या लायब्ररींमधली. अशा वेळी हेडर (फंक्शनांची नावं जाहीर करणाऱ्या फाइली) शोधत बसू नका. कंपाइल झालं म्हणजे हेडर सापडलेत, अडलंय लायब्ररीपाशी. लिबएसएनडीफाइल स्टॅटिक, म्हणजे तिचा कोड थेट प्रोग्रॅममध्येच, जोडली की तिला लागणाऱ्या लायब्ररीही आपणच द्याव्या लागतात. पीकेजी-कॉन्फिग या, लायब्ररी जोडायचे पर्याय सांगणाऱ्या टूलला ‘--स्टॅटिक’ पर्याय दिल्यावर ती पूर्ण यादी मिळाली.

तरी एरर तशाच! मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) यादी ‘एलडीफ्लॅग्ज’ या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे लिंकरच्या कमांडमध्ये ऑब्जेक्ट फाइलींच्या (कंपाइल झालेल्या कोडच्या) आधी जात होती. जीएनयू लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. तोवर कुणी न मागितलेला स्टॅटिक लायब्ररीतला कोड तो सोडून देतो. यादी ‘एलडीलिब्ज’ या व्हेरिएबलमध्ये हलवली, ती ऑब्जेक्ट फाइलींनंतर गेली आणि बिल्ड पूर्ण झाला.