जुन्या दमदार गाडीला इलेक्ट्रिक पंखा बसवताना

गाडी नेमकी केव्हा तापते, हे आधी नीट पाहून घ्या. सिग्नलला उभी असताना किंवा रांगेत सरकताना काटा चढतो आणि मोकळा रस्ता मिळाला की खाली येतो, असं असेल तर दुखणं हवेचं आहे. इलेक्ट्रिक पंखा त्यावरचा खरा उपाय. पण ताशी 80-90 ने सलग चालवताना काटा वर जात असेल, तर पंख्यावर पैसे घालू नका. ताशी 60 च्या आसपास वेग गेला की पुढून घुसणारी हवाच कुठल्याही पंख्यापेक्षा जास्त भरते. त्या वेगाला तापणाऱ्या गाडीत रेडिएटरची जाळी आतून चोंदलेली असते, वॉटर पंपाची पाती झिजलेली असतात, इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं असतं, नाहीतर रेडिएटरचा खालचा पाइप जास्त आरपीएमला आत चेपला जात असतो, कारण त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेलेली असते. जुन्या गाड्यांचं वायरिंग हेच माझं काम आहे, आणि पंखा बसवून द्या म्हणून येणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

हॉर्सपॉवर वाढेल या आशेनेही हे काम काढू नका. पुलीवर घट्ट बसवलेला जुना पंखा इंजिनाची ताकद खातो, हे खरं. पंखा फिरवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे आरपीएम दुप्पट झाले की आठपट. पण ज्या गाडीत व्हिस्कस क्लच, म्हणजे पुली आणि पंखा यांच्यामधला सिलिकॉन तेलाने पकड घेणारा जोड आहे, तिथे इंजिन थंड असताना आणि आरपीएम चढल्यावर पंखा बराचसा घसरतो, त्यामुळे वाचण्यासारखं फार काही उरत नाही. शिवाय इलेक्ट्रिक पंखाही फुकट फिरत नाही. 20 अँपिअर म्हणजे साडेतेरा व्होल्टला 270 वॅट, आणि ते तयार करताना अल्टरनेटर इंजिनाकडून त्याच्या जवळपास दुप्पट घेतो.

व्हिस्कस क्लच असेल तर आधी तो तपासा. इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. अजिबात विरोध न करता गरगर फिरत राहिला किंवा मधल्या भागावर तेलकट काळे डाग दिसले, तर आतलं सिलिकॉन गळून गेलेलं आहे. अशा वेळी नवा क्लच बसवणं हेच जास्त शहाणपणाचं काम आहे, आणि गाडी मूळ रूपात राहते हा त्यातला आनंद वेगळाच.

इलेक्ट्रिक पंखा खरोखर शोभतो तो जिथे पुलीवरचा पंखा आयडलिंगला, म्हणजे 700-800 आरपीएमला, हवाच ओढत नाही. किंवा इंजिन बदलल्यामुळे पुढे जागाच उरलेली नाही. किंवा मागाहून एसी लावलाय. ही कल्पना काही नवीन नाही. 1961 च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये कारखान्यातूनच इलेक्ट्रिक पंखा येत असे, रेडिएटरच्या वरच्या पाण्याच्या टाकीतल्या (हेडर टँक) थर्मो स्विचवर, म्हणजे तापमानावर चालू-बंद होणाऱ्या स्विचवर चालणारा, आणि सिरीज 2 ला ते दोन झाले. बीएमडब्ल्यू ई30 च्या एसीवाल्या गाड्यांत इंजिनावर व्हिस्कस पंखा आणि जाळीच्या पुढे इलेक्ट्रिक, अशी जोडी असते. फोर्ड मस्टँगच्या 5.0 ला 1993 पर्यंत क्लचचाच पंखा होता, 1994 च्या नव्या बॉडीबरोबर इलेक्ट्रिक आला.

आता माझ्या मते या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग: वीज. पंख्याची खोकी चाळताना सगळे हवेचा आकडा वाचतात, अँपिअरचा कोणी वाचत नाही. 16 इंची चांगला पंखा चालू असताना साधारण 15 ते 25 अँपिअर घेतो. मस्टँगवाल्यांचे आवडते, फोर्ड टॉरस किंवा लिंकन मार्क 8 या गाड्यांमधले पंखे पूर्ण वेगाला 30 च्याही वर जातात, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. आता जुन्या गाडीकडे बघा. लुकास या ब्रिटिश कंपनीचा सी40 डायनॅमो सगळा जोर लावून 22 अँपिअर देतो, आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही. त्यानंतरचा 17एसीआर अल्टरनेटर 36 देतो, तेही चढ्या आरपीएमला.

रात्रीची, पावसाची, रांगेत अडकलेली गाडी डोळ्यासमोर आणा आणि बेरीज करा. दोन 55 वॅटचे हेडलाइट मिळून साडेआठ अँपिअर, मागचे-पुढचे बारके दिवे तीन, इग्निशन चार-पाच, वायपर चार, आतला ब्लोअर आठ. झाले 28. त्यात पंख्याचे 20 घाला. इतकं ओझं त्या अल्टरनेटरला आयडलिंगला झेपत नाही. उरलेली वीज बॅटरीतून जाते, व्होल्टेज उतरतं, पंखा मंदावतो आणि गाडी आणखी तापते. म्हणून डायनॅमोच्या गाडीला मी मोठा पंखा लावायला साफ नकार देतो. आधी अल्टरनेटर बदला, आणि नवा निवडताना वरच्या आकड्यावर भुलू नका, आयडलिंगला किती देतो ते विचारा. अल्टरनेटर मोठा घेतलात की त्याच्यापासून बॅटरीपर्यंतची जाड वायरही नवी टाका; जुनी वायर जुन्या अल्टरनेटरच्या मापाची असते.

डॅशबोर्डवर व्होल्टमीटर नसून अँमीटर असेल तर इथे जरा थांबा. 60-70 च्या दशकांतल्या कित्येक गाड्यांत बॅटरीकडे जाणारी-येणारी सगळी वीज त्या अँमीटरमधून, फायरवॉलमधल्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातल्या कनेक्टरमधून फिरते. अशा गाडीत पंख्याची वायर थेट बॅटरीच्या टोकाला लावली की इंजिन चालू असताना पंख्याची सगळी वीज अल्टरनेटरपासून केबिनमध्ये जाऊन, अँमीटर ओलांडून परत बाहेर येते. काटा कायम चार्जिंगच्या बाजूला झुकलेला दिसतो आणि फायरवॉलचा कनेक्टर तापत राहतो. तिथे पंख्याची वायर अल्टरनेटरच्या बाजूला जोडायची, म्हणजे ती वीज केबिनमध्ये शिरतच नाही.

पंखा घेताना जाळीच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसणारा, हवा ओढणारा घ्या. पुढे बसणारा ढकलणारा पंखा वेगात हवेची वाट अडवतो; मागे अजिबात जागा नसेल तरच तो. मोटरची जाडी आणि वॉटर पंपाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून घ्या, आणि किमान 20 ते 25 मिलिमीटर मोकळे सोडा, कारण जोरात ब्रेक मारल्यावर इंजिन आपल्या रबरांवर पुढे झुकतं.

आणि श्राउड, म्हणजे पंख्याला धरून पूर्ण जाळी झाकणारं कवच. याच्याशिवाय पंखा बसवू नका. 40 सेंटिमीटरचा गोल म्हणजे सुमारे 1257 चौरस सेंटिमीटर. 65 बाय 43 ची जाळी म्हणजे 2795. नुसता पंखा जाळीला चिकटवला तर निम्म्याहून जास्त जाळीतून उभ्या गाडीत हवा जातच नाही, कोपरे तसेच गरम राहतात. श्राउड जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटर तरी मागे हवं, म्हणजे कोपऱ्यांतली हवाही पंख्याकडे वळते, आणि कडांना फटी नकोत. मोठ्या श्राउडला रबरी झडपा असतील तर फार उत्तम: उभ्या गाडीत त्या बंद राहतात, वेगात वाऱ्याने उघडतात. जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी पंखा बांधायची पद्धत मला बिलकुल पसंत नाही. हादऱ्यांनी त्या पट्ट्या जाळीच्या नळ्या घासतात आणि एक दिवस पाणी गळायला लागतं. पत्र्याचे ब्रॅकेट करा, रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीला धरा, मध्ये रबर घाला.

पंखा ओढणारा आहे की ढकलणारा, हे पात्यांच्या आकारावर ठरतं. वायरी उलट केल्या की मोटर उलटी फिरते, पण पाती त्या दिशेसाठी वळवलेली नसतात आणि हवा निम्मीच मिळते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तिथे पंख्याची प्लसची वायर बॉडीला जाईल आणि मायनसची रिलेकडून (बारीक विजेवर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) येईल, एवढं लक्षात ठेवा.

जुना पंखा काढला की वॉटर पंपाच्या पुलीचे बोल्टही बदला. ते पंख्याच्या आणि स्पेसरच्या जाडीसकट लांब असतात. पंखा नसताना तेच घातले तर पुली घट्ट बसण्याआधीच बोल्ट तळाला टेकतात. आखूड बोल्ट आणि नवे स्प्रिंग वॉशर घ्या.

वायरिंग 40 अँपिअरच्या साध्या रिलेवर होतं. एका रिलेवर दोन पंखे लादू नका. दोन पंखे, दोन रिले, आणि जमल्यास दुसरा थोड्या वरच्या तापमानाला सुरू होणारा. रिलेच्या 30 नंबरच्या टोकाला फ्यूजमधून थेट वीज, 87 पंख्याकडे, 86 ला चावीवर येणारी बारीक वायर तिच्या स्वतःच्या छोट्या फ्यूजसह, आणि 85 थर्मो स्विचमधून अर्थिंगला. रिलेच्या आत डायोड असेल तर 86 ला प्लसच हवा. मुख्य फ्यूज, पंख्याच्या चालू अँपिअरच्या साधारण दीडपट, वीज जिथून घेतली तिथेच, टोकाला लगटून. तो पंख्याजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते.

वायरीची जाडी ही अंदाजाची गोष्ट नाही. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर तीन मीटर टाकली आणि 25 अँपिअर वाहवले, तर एकट्या त्या वायरीत अर्धा व्होल्ट मरतो. सहा चौरसच्या वायरीत साधारण 0.2. परतीच्या वाटेवरही तेवढंच जातं, म्हणून अर्थिंगची वायर प्लसच्या मापाचीच घ्या आणि ती रंगावर नाही, खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर कसा, नाहीतर सरळ बॅटरीपर्यंत न्या.

चावीच्या जुन्या वायरीतून पंखा थेट चालवू नका. एक तर चावीचा स्विच जळेल. दुसरं, फिरता पंखा जनरेटरसारखा वीज देतो; चावी बंद केल्यावर ती वीज इग्निशनकडे उलटी जाते आणि इंजिन क्षणभर तसंच चालू राहतं. रिलेमुळे ही वाटच बंद होते.

थर्मो स्विचवर 92-87 असं लिहिलेलं असतं: 92 ला चालू, 87 ला बंद. हा खालचा आकडा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या आकड्यापेक्षा वर हवा, नाहीतर पंखा एकदा सुरू झाला की थांबणारच नाही. 82 चा थर्मोस्टॅट आणि इंजिनातून येणाऱ्या गरम बाजूला स्विच, तर 92-87 छान जमतो. स्विच रेडिएटरच्या खालच्या, थंड बाजूला असेल तर तिथलं पाणी आधीच काही अंश उतरलेलं असतं, म्हणून तेवढा कमी आकड्याचा घ्या. भीतीपोटी 75 ला पंखा लावणारे लोक मला भेटतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं असतं की निम्मं पाणी-निम्मं कूलंट एक बार दाब धरणाऱ्या रेडिएटरच्या झाकणाखाली 125 च्या वर जाईपर्यंत उकळत नाही. 95 ला काटा पाहून घाबरू नका. झाकण जुनं, 7 पीएसआयचं (सुमारे अर्धा बार) असेल तर मर्यादा खाली येते, तरी 95 सुरक्षितच आहे.

स्विच कायम पाण्यात बुडेल अशाच जागी हवा. हवा अडकून तो कोरडा राहिला तर इंजिन उकळलं तरी त्याला कळत नाही. जाळीत खुपसायची काडीसारखी सेन्सर माझ्या विश्वासातली नाही. एकाच टोकाचा स्विच असेल तर त्याचं अर्थिंग चुडीतून होतं; टेफ्लॉन टेपचे थर चढवले की ते तुटतं. बसवण्याआधी स्विच पातेल्यातल्या पाण्यात दोरीने टांगा, शेजारी थर्मामीटर, मल्टिमीटर जोडलेला, आणि पाणी तापवून पाहा. जोडीला डॅशबोर्डखाली एक टॉगल द्या, जो थर्मो स्विचला समांतर असेल, म्हणजे त्याने पंखा हवा तेव्हा सुरू करता येईल, बंद मात्र करता येणार नाही.

एसी असेल तर काँप्रेसर लागताच पंखा लागला पाहिजे; काँप्रेसरच्या वायरीवरून दुसरा रिले चालवा, त्याच्या 87 ची वायर पहिल्याच्या 87 ला जोडा.

सगळं झालं की इंजिन आयडलिंगला ठेवून पंखा चालू करा. जाळीसमोर कागदाचा ताव धरा. तो मधोमध आणि चारही कोपऱ्यांना चिकटून राहिला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात गळून पडला तर तिथे श्राउडला फट आहे. मग मल्टिमीटरने पंख्याच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज आणि बॅटरीचं व्होल्टेज मोजा, दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावून दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि बॅटरीचं व्होल्टेज उतरत जातंय का ते बघा. साडेबाराच्या खाली सरकायला लागलं, तर अल्टरनेटरचा हिशेब पुन्हा करा. शेवटी इंजिन बंद करून रिलेचा सॉकेट आणि फ्यूजचा होल्डर हाताने चाचपा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर क्रिम्प, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला जोड, कच्ची आहे, ती कापून नवी करा. महिन्याभराने ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा कसा आणि फ्यूज होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलंय का ते एकदा पाहा. बॉनेटखाली हात घालताना बॅटरीची वायर काढूनच घाला. चावी चालू राहिली असेल तर हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरायला लागतो.