जाळीदार टायटॅनियम इम्प्लांट: आधी नमुना छापा, तोला, मग पुढे जा

कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपला मिरजेतल्या हाडांच्या डॉक्टरांसाठी थ्रीडी प्रिंटेड (लेझरने टायटॅनियमची पावडर थराथराने वितळवून बनवलेल्या) इम्प्लांटच्या कामात उतरायचं असेल, तर सुरुवात इम्प्लांटपासून करू नये. आधी १० मिमी व्यासाचे, १५ मिमी उंचीचे जाळीदार सिलिंडर छापावेत. जाळी बरोबर आली की नाही, हे साध्या वजनकाट्यावर कळतं.

जाळी कशासाठी? भरीव टायटॅनियमचा ताठपणा सुमारे ११० गिगापास्कल, तर हाडाच्या कठीण थराचा १० ते ३०. ताठ धातू भार स्वतःवर घेतो, शेजारच्या हाडावर भार पडत नाही, मग ते विरळ होत जातं. छिद्रांमुळे ताठपणा उतरतो आणि हाडाला आत शिरायला वाट मिळते. साधारण ३०० ते ८०० मायक्रॉनची छिद्रं आणि ६० ते ८० टक्के पोकळी धरून चालावं.

रचना गायरॉइडची, म्हणजे सलग वळत जाणाऱ्या पातळ भिंतींची घ्यावी. तिच्या वक्र भिंती आपला भार आपणच पेलतात, आत सपोर्ट (छापताना द्यावा लागणारा तात्पुरता आधार) लागत नाही. आडव्या काड्यांची जाळी छापताना काडीची खालची बाजू लोंबते. गायरॉइडचा हिशोबही सोपा आहे: भिंतीची जाडी भागिले घराची (पुन्हापुन्हा येणाऱ्या एका आकृतीची) लांबी, गुणिले ३.१, म्हणजे धातूचं प्रमाण. घर २ मिमी आणि भिंत ०.२ मिमी असेल तर धातू ३१ टक्के, पोकळी ६९ टक्के.

पावडर टीआय-६एएल-४व्ही (टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियमचा मिश्रधातू) ईएलआय, म्हणजे कमी अशुद्धीच्या ग्रेडची, १५ ते ४५ मायक्रॉनची. ऑक्सिजनची मर्यादा ०.१३ टक्के. पावडर पुन्हापुन्हा वापरली की ऑक्सिजन वाढत जातो, म्हणून दर बॅचची तपासणी ठेवा. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर पावडर ओल धरते आणि थर नीट पसरत नाही. चेंबरमध्ये आर्गॉन, ऑक्सिजन ०.१ टक्क्याखाली, थर ३० मायक्रॉनचा.

भरीव जॉबची लेझर सेटिंग जाळीला लावू नका. भिंतीभोवती सुटी पावडर असते, तिच्यातून उष्णता नीट निघत नाही. वितळलेला भाग पसरतो, कडेचे कण चिकटतात आणि ०.२ ची भिंत ०.२५ होते. पोकळी लगेच ६१ टक्क्यांवर येते.

छपाईनंतरचा क्रम चुकला तर सगळा जॉब वाया जातो. जॉब छपाईच्या प्लेटवर असतानाच अडकलेली पावडर काढा: ठोका, कंपन द्या, आर्गॉनने फुंका. त्यानंतरच व्हॅक्युम किंवा आर्गॉन भट्टीत ताण काढायला ८०० अंशाच्या आसपास २ ते ४ तास ठेवा. पावडर आत राहून भट्टीत गेली तर ती भिंतीला जोडली जाते, मग अल्ट्रासोनिकमध्येही (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या टाकीतही) सुटत नाही. टायटॅनियमची बारीक पावडर पेट घेते. जवळ धातूच्या आगीचा, डी वर्गाचा अग्निशामक ठेवा, पाणी मारू नका. भट्टीनंतर वायरकट, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने जॉब प्लेटपासून वेगळा करणं. पितळी तारेचा अंश कापलेल्या तोंडावर राहतो, म्हणून इम्प्लांटमध्ये जाळीखाली भरीव तळ ठेवून कट त्यातूनच घ्यावा. चिकटलेले कण काढायला हायड्रोफ्लोरिक-नायट्रिक आम्लाचं एचिंग (आम्लाने पृष्ठभाग थोडा खाऊ देणं) लागतं. ते फक्त फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट), योग्य हातमोजे आणि भाजल्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असलेल्या ठिकाणीच करून घ्या. हे आम्ल कातडीतून आत जातं.

आता तोला. भरीव सिलिंडरचं वजन ५.२२ ग्रॅम (घनता ४.४३ ग्रॅम प्रति घन सेमी), म्हणून ३१ टक्क्यांना १.६२ ग्रॅम यायला हवं. काटा २.०२ दाखवत असेल तर भिंत जाड झाली आहे किंवा पावडर अडकली आहे. पुन्हा अल्ट्रासोनिकमध्ये ठेवून, नीट वाळवून तोला. वजन उतरलं तर पावडर होती. तेवढंच राहिलं तर एक नमुना कापून भिंत मायक्रोस्कोपखाली मोजा. जाड निघाली तर ऑफसेट (लेझरची वाट भिंतीच्या कडेपासून किती आत ठेवायची ते अंतर) बदलून, लेझरची ऊर्जा कमी करून पुन्हा छापा. ऊर्जा फार उतरवली तर थर नीट जुळत नाहीत, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला.

वजन जमलं की दाबचाचणी आयएसओ १३३१४ (सच्छिद्र धातूंच्या दाबचाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे. त्यासाठीच नमुना १० मिमीचा, उंची-व्यास प्रमाण १ ते २ च्या आत. रुग्णासाठीच्या इम्प्लांटला मात्र हात घालण्याआधी उत्पादन परवान्याचे नियम सीडीएससीओकडून (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडून) तपासून घ्या.

दाबचाचणीत नमुना तुटला की तुटण्याची रेषा नीट पाहा. ४५ अंशाच्या आसपास तिरकी गेली तर या मिश्रधातूच्या जाळीत ते अपेक्षितच आहे. थराला समांतर, सपाट तुटली तर ती उंची मोजा आणि मशीनच्या लॉगमध्ये त्या थराला काय झालं ते शोधा: पावडर कमी पसरली होती का, की छपाई मध्येच थांबली होती.