मॉडेल करण्याआधी कोपऱ्यातलं चिन्ह बघा
जुन्या ड्रॉइंगवरून थ्रीडी मॉडेल करायला बसलात की पहिली रेघ ओढण्याआधी टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) कापलेल्या शंकूचं चिन्ह शोधा. वस्तूचे व्ह्यू, म्हणजे वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारी चित्रं, कागदावर कोणत्या पद्धतीने मांडलीत ते हे चिन्ह सांगतं. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते: टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली, डाव्या बाजूचा व्ह्यू उजवीकडे. अमेरिकन ड्रॉइंग सहसा थर्ड अँगलमध्ये, म्हणजे नेमकं उलट. इथे गफलत झाली की डाव्या हाताचा ब्रॅकेट उजव्या हाताचा होतो, आणि मापं सगळी बरोबर असल्याने तपासणाऱ्यालाही कळत नाही. (माझा असा एक जॉब मशीनवर चढेपर्यंत मीही निर्धास्त होतो.)

आणि स्कॅनवरच्या रेघा गिरवू नका, कागद ताणलेला किंवा आकसलेला असतो. ५० लिहिलंय आणि रेघ ४९.६ भरतेय? ५०च टाका.