एच. पायलोरी गेला की नाही? कोर्स संपल्यावरची तपासणी अशी करा

गोळ्यांचा कोर्स संपला, जळजळ थांबली, म्हणजे पोटात अल्सर (व्रण) करणारा एच. पायलोरी हा जंतू गेलाच असं नाही. बऱ्याचदा आराम पडतो तो सोबतच्या ॲसिडिटीच्या गोळीने; जंतू अँटिबायोटिकला दाद न देता तसाच राहतो आणि अल्सर पुन्हा डोकं वर काढतो. त्यामुळे बरं वाटत असलं तरी तपासणी करायचीच.

आधी तारीख ठरवा. शेवटच्या अँटिबायोटिक गोळीनंतर किमान 4 आठवडे जाऊ द्या. कोर्समध्ये अँटिबायोटिकच्या जोडीला बिस्मथ हे औषध असेल तर त्यालाही हाच नियम. मध्येच दाढ दुखली म्हणून अँटिबायोटिक घेतलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मग ॲसिडिटीच्या गोळ्या. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, व्होनोप्राझान यांपैकी काहीही तपासणीआधी किमान 2 आठवडे बंद हवं. या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, नुसते दबतात, आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येतो. सकाळी उपाशीपोटी 'पॅन-डी' (यात पँटोप्राझोलच असतं) घ्यायची सवय इतकी मुरलेली असते की ते औषध आहे हेच कुणाला आठवत नाही! पाकिटामागचं नाव वाचा. मधल्या दिवसांत जळजळ झालीच तर डॉक्टरांना विचारून पातळ अँटासिड चालतं. मात्र अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल किंवा ॲस्पिरिन चालू असेल, तर ॲसिडिटीची गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका.

तपासणी कोणती? युरिया ब्रेथ टेस्ट (श्वासाची तपासणी) किंवा शौचाची अँटिजेन टेस्ट (शौचात जंतूचे अंश शोधणारी). रक्तातली अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) तपासणी यासाठी निरुपयोगी आहे, कारण जंतू गेल्यावरही ती अनेक महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येत राहते. लॅबने स्वस्तात देऊ केली तरी नको म्हणा.

ब्रेथ टेस्टला साधारण 6 तास उपाशी जायचं. आधी एका पिशवीत फुंकायचं, मग युरियाचं द्रावण प्यायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा फुंकायचं. जंतू असला तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खुणेचा कार्बन श्वासात उतरतो. हा खुणेचा कार्बन दोनपैकी एका प्रकारचा असतो. कार्बन-13 किरणोत्सारी नसतो. कार्बन-14 किंचित किरणोत्सारी असतो, म्हणून गरोदरपणात तो टाळतात. शौचाच्या तपासणीला उपास लागत नाही, पण पातळ जुलाब होत असताना नमुना देऊ नका.

रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि वरची पथ्यं पाळली असतील, तर निर्धास्त व्हा. ॲसिडिटीची गोळी चालू असताना आलेला निगेटिव्ह धरू नका. पॉझिटिव्ह मात्र तेव्हाही बहुधा खराच असतो. पॉझिटिव्ह आला तर जुनं प्रिस्क्रिप्शन घेऊन डॉक्टरांकडे जा. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक एकदा वापरून झालं असेल, तर पुढच्या कोर्समध्ये सहसा दुसरं औषध देतात. तो कोर्स संपला की पुन्हा 4 आठवडे थांबून हीच तपासणी.