गॅलरीतल्या पक्ष्यांना मांजरापासून कसं वाचवायचं

आधी एक डोक्यात पक्कं करा, मांजराला पिंजऱ्यात शिरायची गरजच नसते. ते बाहेरून जाळीला लटकतं, आतले पक्षी घाबरून फडफडत सुटतात आणि त्या गोंधळात एखादा नेमका त्याच बाजूच्या जाळीला जाऊन चिकटतो, मग नख आत घालून पाय म्हणा पंख म्हणा जे सापडेल ते ओढायचं, झालं काम. "पिंजरा तर बंद होता हो, मग मेला कसा?" असं विचारणाऱ्यांकडे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. म्हणून नुसती कडी बघून भागत नाही, पक्षी आणि पंजा यांच्यात अंतर किती उरतं ते बघायचं.

बजी, कॉकाटील, फिंच असे पक्षी कायम गॅलरीतच राहणार असतील तर पिंजऱ्याभोवती दुसरी जाळी लावाच. हार्डवेअरवाला आधी षटकोनी कोंबडी जाळी दाखवेल कारण ती स्वस्त पडते, पण ती कोंबड्या आत ठेवायला ठीक आहे, तार इतकी बारीक की हाताने वाकते. वेल्डेड जाळी मागा, अर्धा बाय अर्धा इंच. लाकडी पट्ट्यांची फ्रेम करून ही जाळी पिंजऱ्यापासून चारेक इंच बाहेर बसवा, वरून आणि खालूनसुद्धा, खालची बाजू लोक हमखास विसरतात. अर्ध्या इंचातून फक्त बोटं आणि नखं जातात, पुढे चार इंच मोकळे असले की पक्ष्यापर्यंत काही पोचत नाही. नवीन जीआय (म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) जाळीवर जस्ताचे बारीक कण असतात आणि बजी दिसेल ते कुरतडतो, ते पोटात गेलं तर विषबाधा होते, तेव्हा लावायच्या आधी व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन दोन दिवस उन्हात टाका. आतल्या बसायच्या दांड्या मधोमध घ्या, टोकाला जाळीला टेकून बसलेला पक्षी म्हणजे आयतं ताट.

मग दारं. तयार पिंजऱ्याची दारं वर सरकणारी असतात आणि मांजर पंज्याने ती आरामात उचलतं, मोठ्या दाराला लोक कुलूप लावतात पण खायच्या वाटीची ती दोन छोटी दारं तशीच. ऑफिसातली काळी बाइंडर क्लिप लावून टाका नाहीतर तारेचा पीळ द्या. खालचा ट्रेपण बांधा, तो ओढला की कधीकधी अख्खा तळ उघडा पडतो.

पिंजरा उंच टांगलाय म्हणून निर्धास्त राहू नका. मांजर उभ्या जागेवरून पाच-सहा फूट सहज उडी मारतं, त्यात शेजारी वॉशिंग मशीन, चपलांचं कपाट किंवा वाळत घातलेली चादर असेल तर विचारूच नका. सांडपाण्याच्या पाइपवरून येत असेल तर पाइपला दोनेक फूट गुळगुळीत पत्रा गुंडाळा, नखं रुतत नाहीत. सगळ्यात वाईट जागा म्हणजे खिडकीचं बॉक्स ग्रिल, चारी बाजूंनी मांजराला उभं राहायला जागा! रात्री, निदान दिवेलागणीपासून सकाळी उजाडेपर्यंत, पिंजरा घरात घ्या, फक्त स्वयंपाकघरात नको कारण नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्या धुराने पक्षी मरतात.

आणि मांजर मुळात येतं कशासाठी? बऱ्याचदा पक्ष्यासाठी नाही, उंदरासाठी. बजी राळे खातो कमी आणि उडवतो जास्त, खाली पडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरामागे मांजर. रोज संध्याकाळी झाडून घ्या, दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, येणं बरंच कमी होतं.

निळ्या पाण्याच्या बाटल्यांनी काहीही होत नाही, मांजर त्यांच्याच शेजारी बसून अंग चाटतं. डांबरगोळ्या आणि फिनेल तर नकोच, तो वास मांजरापेक्षा पक्ष्यांनाच बाधतो. विष वगैरे विचार मनातही आणू नका, तो गुन्हा आहे, १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा आहेच. मांजर शेजारच्या काकूंचं असेल तर भांडायला न जाता रात्री घरात ठेवाल का असं सरळ विचारा, नसबंदीचंही सुचवा, भटकणं कमी होतं.

गच्चीवर कबुतरांची ढाबळ असेल तर संध्याकाळी मोजून सगळी आत आल्याशिवाय खाली उतरू नका, उशिरा आलेलं एखादं बाहेर फळीवर बसून राहतं आणि तेच जातं.

एवढं करूनही मांजराने धरलंच तर जखम छोटी दिसते म्हणून हळद लावून बसू नका. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात, लाळेतून ते नखांवरही येतात, आणि एवढ्याशा ओरखड्याने पक्षी एक-दोन दिवसांत जाऊ शकतो, वेळेत अँटिबायोटिक हवं. रक्त येत असेल तर स्वच्छ कापसाने हलकं दाबून धरा, भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून अंधारात, उबेत ठेवा, चोचीत पाणी ओतू नका. डॉक्टरांना "मांजराने धरलं होतं" हे आधी सांगा. सगळेच व्हेट पक्षी बघत नाहीत, त्यामुळे कोण बघतं याची चौकशी आजच करून नंबर सेव्ह करून ठेवा, मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच.