वर्गात वादविवाद घेताय? अर्ध्यावर बाजू बदलायला लावा

पाचवी ते आठवीच्या वर्गासाठी विषय मुलांच्या शेतातलाच घ्या. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे 'केळी लावावी की कापूस?' असा विषय काढलात, तर मागच्या बाकावरचा पोरगाही उठून बोलतो, कारण घरी रोज हेच बोलणं कानावर पडतं.

दोन गट पाडा. प्रत्येक मुद्द्यामागे 'कशावरून?' हा प्रश्न समोरच्याने विचारायचाच. कुणी म्हणेल, "जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून केळीच लावावी." माहिती खरी आहे (भौगोलिक मानांकन म्हणजे एखादा माल त्या भागाची खासियत असल्याची सरकारी नोंद), पण त्यावरून माझ्या विहिरीला उन्हाळ्यात केळीपुरतं पाणी राहील हे ठरतं का? माहिती खरी असूनही निष्कर्ष कच्चा असू शकतो, हे मुलांना इथे कळतं. माझ्या मते सगळ्या तासाचा जीव याच जागी आहे, तेव्हा घाई करू नका.

उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा. "हो, हेच म्हणालो मी," असं तो म्हणाला, तरच पुढे बोलायचं. मग अर्ध्या वेळाने बाजू बदला. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, पण आपल्याच मुद्द्यातली भोकं शोधायला लागतात.

अहिराणीत बोलणाऱ्याला अडवू नका. विचार आधी, प्रमाण भाषा नंतर. जिंकलं-हरलं जाहीर करू नका. शेवटी प्रत्येकाने वहीत दोन ओळी लिहायच्या: माझं मत कुठे बदललं आणि कोणत्या मुद्द्यामुळे.