टायर वाकडातिकडा घासतोय? आधी तो कुठून घासलाय ते बघा

टायर लवकर गेला की लोक सरळ टायरच्या कंपनीला शिव्या घालतात, पण बऱ्याचदा टायर चांगलाच असतो आणि हवा नाहीतर अलाइनमेंट (चाकं किती सरळ बसलीत ते) गंडलेलं असतं.

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा आणि स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा म्हणजे पुढच्या टायरची आतली कड दिसेल, कारण खरी गोची तिथेच असते, बाहेरून टायर नवाकोरा आणि आतून पार तार दिसायला आलेली. मागच्या टायरसाठी मात्र खाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारायला लागतो.

दोन्ही कडा गेल्यात आणि मधली नक्षी शाबूत आहे, तर हवा कमी राहतेय. मग सगळा भार कडांवर येतो, शिवाय टायर सतत दबून तापतो, आणि हायवेवर टायर फुटायचं हे एक मोठं कारण आहे. मधलाच पट्टा गेला असेल तर उलटं, हवा जास्त. एकच कड गेली असेल तर बहुतेक वेळा अलाइनमेंट, म्हणजे टो (वरून बघितलं तर चाक आत किंवा बाहेर वळलेलं) किंवा कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक कलंडलेलं). आता तळहात टायरवर आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत (हळू, तार निघाली असेल तर हात कापतो). एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचतं, असं असेल तर संशय टोवर घ्या. आणि टायरच्या गोलाईवर जागोजागी खड्डे लागले तर शॉकअप्स ढिले झालेत किंवा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) नाही, तिथे नुसतं अलाइनमेंट करून पैसे घालवू नका.

आता हवा किती भरायची. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा बघून भरू नका प्लीज, ती कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीचं प्रेशर नाही. आपल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकरवर असतो, पुढचा मागचा वेगळा असू शकतो, फुल्ल माणसं आणि सामान असेल तेव्हाचा पण वेगळा. बऱ्याच छोट्या गाड्यांना 30 ते 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतं, पण अंदाज नको, स्टिकर बघा. बार लिहिलं असेल तर 1 बार म्हणजे साधारण 14.5 पीएसआय.

हा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान 3 तास उभी, किंवा फारतर एकदोन किलोमीटर चाललेली. लांबून चालवत आलात तर प्रेशर 4-5 पीएसआय जास्त दिसणारच, म्हणून हवा सोडू नका, सोडलीत तर टायर थंड झाल्यावर ती कमी भरणार आणि परत कडा घासणार. ऋतू बदलला की पण चेक करा, तापमान 5-6 डिग्रीने उतरलं की साधारण 1 पीएसआय कमी होतं. लाथ मारून किंवा नुसतं बघून कळत नाही, रेडियल टायर व्यवस्थित हवेतही खाली थोडा फुगलेलाच दिसतो, त्यामुळे स्वतःचं गेज घ्या, महिन्यातून एकदा बघा, स्टेपनी पण. डॅशबोर्डवरच्या हवा कमी झाल्याच्या दिव्यावर विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत तो साधारण पाव हवा गेल्यावर लागतो.

दर 8-10 हजार किमीला पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदल करा, खास करून इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते अशा गाडीत, तिथे पुढचे टायर लवकर जातात. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या लेव्हलला आलं म्हणजे 1.6 मिमी उरलंय, टायर बदला, आणि पाऊस असेल तर तिथपर्यंत थांबूच नका.

अलाइनमेंट करूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपापसात बदलून बघा (टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्येच आहे, तशीच राहिली तर ब्रेक आणि सस्पेन्शन तपासायला सांगा.